ओढायची पिपाणी

७ मे

चि. भाऊ,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. त्यातले किती तुझ्यापर्यंत पोचतील ते तुझं तू बघ.

चार वर्षांनी ताईचं अक्षर बघून पोटात गोळा आला असेल, तर येऊ दे. कुणी गेलेलं नाही. मला काही मागायचं नाही आणि रडगाणंही गायचं नाही. तुझा फोन लागत नाही, म्हणून कारखान्याच्या पत्त्यावर लिहितेय. पत्ता तुझ्या त्या जुन्या मित्राने दिला, ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुकानात पँट आखूड करायला आला होता. आणखीही बरंच बोलला, पण ते राहू दे.

लिहायचं कारण तुझी मुलगी. आम्ही तिला अजून कारभारीणच म्हणतो. नऊ वर्षांची झाली. हात मनासारखे चालत नाहीत आणि पाय तर चालतच नाहीत, पण पट्टे बांधलेल्या खुर्चीत बसून नुसत्या डोळ्यांनी ती आम्हा दोघींना नाचवते. तिला सगळं कळतं. जन्माच्या वेळी मेंदूला जे काही झालं ते अंगावर निभावलं, बुद्धीवर नाही, हे तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं. तूही होतास तिथे. बोलते मात्र एका श्वासात एकच शब्द. "पाणी." मग थांबून श्वास. "नको." पुन्हा श्वास. "गार." वाक्य आपण जुळवायचं.

आता मुद्दा. तिचा पाठीचा कणा वाकत चाललाय. तिचे फ्रॉक मी शिवते, त्यामुळे मला दिसत होतं. एका बाजूला कापड जास्त सोडावं लागतं, नाहीतर घेर तिरका लोंबतो. दर नव्या फ्रॉकला आधीपेक्षा थोडं जास्त. शिवून अंगात घातला की घेर अगदी सरळ दिसतो. भावजयीला मी याबद्दल काही बोलले नाही. बेकरीतली पहाटपाळी करून ती दुपारी घरी येते, तेव्हा तिला उभं राहायचं बळ नसतं. त्यात हे कुठे सांगू?

मोठ्या डॉक्टरांनी फोटो काढून बघितले. पाठीत सळ्या घालून कणा बराचसा सरळ करता येईल म्हणाले. पण एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर मशीनच्या श्वासावरून तिला खाली उतरवायचं, तर तिच्या स्वतःच्या श्वासात जोर हवा. तो आज नाही. ऑपरेशन झालं नाही, तर कणा फुप्फुसावर कलत जाणार. "मग?" असं भावजयीने विचारलं. ते टेबलावरचं पेन सरळ करत म्हणाले, "मग प्रत्येक थंडी आधीच्या थंडीपेक्षा अवघड."

ऑक्टोबरच्या शेवटी तिच्या श्वासाची चाचणी आहे. तोवर श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम करून घ्यायचा. मला तर श्वासाला स्नायू असतात हेच ठाऊक नव्हतं. दवाखान्यातल्या व्यायामाच्या मॅडमनी एक प्लास्टिकची नळी दिली आहे. एका टोकाला तोंडात धरायचा भाग, दुसऱ्या टोकाला स्प्रिंगची झडप. नाकाला चिमटा लावायचा आणि तोंडाने हवा आत ओढायची. पुरेसा जोर लागला तरच झडप उघडते आणि सू असा आवाज येतो. बाजूला चकती आहे, ती फिरवली की स्प्रिंग घट्ट होते. कारभारणीने तिचं नाव ठेवलं 'पिपाणी'. फक्त ही फुंकायची नाही, ओढायची.

चार वर्षांपूर्वी बॅग घेऊन उतरताना जिन्यात म्हणाला होतास, "ताई, या घरात माझा जीव गुदमरतो." हे मी आज उगीचच आठवतेय, असं समज.

बाकी सगळे ठीक.

तुझी,
ताई


१९ जून

चि. भाऊ,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. तरी लिहितेय, कारण आज मला कुणाला तरी फुशारकी सांगायची आहे आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांना यातलं काही कळत नाही.

आधी आमची फजिती ऐक. या पिपाणीला तीन हात लागतात. एकाने डोकं सरळ धरायचं, एकाने ओठ नळीभोवती मिटून धरायचे, कारण तिचे ओठ तिच्याच्याने घट्ट मिटत नाहीत, आणि तिसऱ्याने नळी. चौथा पोटावर असला तर उत्तम, असं मॅडम म्हणतात. देवाने मला दोनच दिले आणि सकाळी मी एकटी. मग तिच्या मागे उभी राहून माझी हनुवटी तिच्या टाळूवर टेकवते आणि तसं डोकं धरते. पहिल्या दिवशी आरशात आमचं ध्यान बघून ती इतकी हसली की चिमटा उडून कपाटाखाली गेला.

पण हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. "जोर कर" म्हटलं की तिचं सगळं अंग जोर करतं, श्वास सोडून. मुठी आवळतात, पाय काठीसारखे पुढे येतात, मान मागे जाते, आणि झडप मख्ख. नाकी नऊ आले. तीन आठवडे चकती आहे तिथेच. मॅडम चांगली मुलगी आहे, ओरडत नाही, पण तिच्या गप्प बसण्याचा अर्थ मला कळतो. माझ्याकडेही बिघडलेला ब्लाउज घेऊन कुणी आलं की मी अशीच गप्प बसते.

तर दोन आठवड्यांपूर्वी एका संध्याकाळी काय झालं, आम्ही दोघी तिला घेऊन बसलो होतो. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. वरच्या मजल्यावरचा टॅक्सीवाला. त्याची सवय अगदी तुझ्यासारखी, दोन-दोन पायऱ्या एकदम. कारभारणीचे डोळे दाराकडे गेले आणि तिने असा काही श्वास ओढला म्हणतोस! सूऽऽ! झडप सताड उघडली. तीन आठवड्यांत ऐकला नव्हता असा लांब आवाज. आणि अंग ताठलं नाही, मुठी वळल्या नाहीत. नुसता श्वास.

मी सहज बोलून गेले, "अगंबाई, बाबा आला की काय?"

पुन्हा सूऽऽ! आधीपेक्षा मोठा.

भावजय म्हणाली, "ताई, नको."

"अगं, गंमत केली."

"तिला ती गंमत वाटत नाही."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पण तूच सांग, तीन आठवडे मुलगी घामाघूम होऊन झडप हलत नाही आणि एका वाक्यात ती उघडते, तर कोण थांबेल? दुसऱ्या दिवशी सकाळी भावजय कामावर असताना मी एकटीने पुन्हा करून बघितलं. नळी तोंडात धरली, चिमटा लावला आणि दाराकडे बघून म्हटलं, "कोण आलं गं? बाबा?" सू. जरा थांबून पुन्हा. सू. आठवड्याने मॅडमनी तपासलं, तर चकती पुढे सरकवावी लागली. "काय जादू केलीत हो?" असं विचारलं. मी म्हटलं, "जादू कसली, घरगुती उपाय." काय उपाय ते सांगितलं नाही.

तू जन्मात पहिल्यांदा घरच्या उपयोगी पडलास, तेही घरी नसताना. म्हणून कळवते.

तुझी,
ताई


१० ऑगस्ट

चि. भाऊ,

तुझं पत्र पोचलं. पाच ओळी! हात दुखला नाही ना?

त्यातल्या दोन ओळी सल्ल्याच्या. 'तिला फुगे फुगवायला द्या, मी वाचलंय कुठेतरी.' उंटावरून शेळ्या हाकायची तुझी खोड गेली नाही. अरे, फुगवणं म्हणजे हवा बाहेर टाकणं. तिची अडचण आत घेण्याची आहे. आत घेतलीच नाही तर बाहेर काय टाकणार? खोकल्यालासुद्धा आधी पोटभर हवा आत लागते. ती नसते म्हणून कफ छातीत बसून राहतो आणि दर थंडीत आम्ही वॉर्डात जाऊन बसतो. हे मला तरी कुठे ठाऊक होतं! चार वर्षं मीपण तिच्यासमोर मेणबत्त्या धरून "फुंक, फुंक" करत बसले होते.

शेवटची ओळ: 'जमलं तर सुट्टीत येतो, बघतो.'

पत्र आलं तेव्हा मी दुकानाचं शटर ओढून वर आले होते. भावजय कपडे वाळत घालत होती. कारभारणीने पाकीट बघितलं आणि डोळ्यांनीच 'वाच' म्हटलं. मी वाचून दाखवलं. फुग्यांचं वाचलं, तब्येतीचं वाचलं, आणि शेवटी वाचलं, 'सुट्टीत येतो.' एवढंच. 'जमलं तर' आणि 'बघतो' हे शब्द माझ्या जिभेवरून घसरले. माझ्या मागे उभं राहून भावजयीने कागद वाचलेला होता. हातातला ओला टॉवेल तिने पुन्हा पिळला.

आता जे सांगते ते बसून वाच.

कारभारणीने पोट फुगवून श्वास घेतला, मॅडमनी शिकवलाय तसा. आणि म्हणाली, "बाबा कधी येणार?"

तीन शब्द. एका श्वासात. मध्ये न थांबता, शेवटचा शब्दही न गिळता. नऊ वर्षांत या मुलीने सबंध वाक्य बोललेलं मी ऐकलं नव्हतं. मी टाळ्या पिटल्या, तिचे मुके घेतले. भावजयीने दोरीवरचे कपडे तसेच सोडले आणि येऊन तिच्या पायाशी बसली. मॅडमनी सांगितलंच होतं, एका श्वासात दोन शब्द आले तरी मोठं समजा. इथे तीन. आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत होतो, आणि ती आमच्याकडे बघत होती. टाळ्या नको होत्या तिला. तिने प्रश्न विचारला होता.

मग तिने पुन्हा विचारलं. भावजय उठून राहिलेले कपडे वाळत घालायला गेली.

स्वयंपाकघरात आम्ही भांडलो. आवाज न करता भांडायला आम्ही शिकलोय. ती म्हणाली, "ताई, तुम्ही तिला खोट्यावर पोसताय." मी म्हटलं, "चकती बघ कुठे होती आणि कुठे आली." ती म्हणाली, "आणि तो आला नाही तर?" मी म्हटलं, "ऑपरेशन तर होईल." त्यावर तिने वाद सोडला. कारण आईला ऑपरेशन हवंच आहे ना.

तू नक्की काय ते कळव. सुट्टी कधी असते तुझ्या कारखान्यात?

तुझी,
ताई


२१ सप्टेंबर

भाऊ,

मधल्या काळात लिहिता आलं नाही. आम्ही वॉर्डात होतो. थंडीही सुरू झालेली नाही आणि छाती भरली. साधी सर्दी होती. त्या सर्दीचा चार दिवसांत कफ झाला आणि नळी घालून तो मशीनने ओढून काढावा लागला. भावजय एका बाजूला, मी एका बाजूला, आणि मध्ये ती नाकातोंडाला मास्क लावून. बोलता येत नव्हतं. कुणी दार उघडलं की मान वळवायची.

आता घरी आहे. पण कमावलं ते सगळं गेलं. मॅडमनी चकती पुन्हा मे महिन्याच्या खुणेवर आणून ठेवली. म्हणाल्या, असं होतं, पुन्हा सुरू करू. त्या अजून तरुण आहेत.

त्याहून वेगळी गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगायला मला चार वेळा कागद बदलावा लागला.

तिला श्वास ओढता येतो. पण ओढला की ती सोडत नाही. दाराकडे कान लावून बसते, छाती वर आलेली तशीच. मग ओठ काळवंडायला लागतात, आणि एकदम सुटतो तो असा की पुढचा ओढायला ताकद उरत नाही. मॅडम म्हणाल्या, "ओढते तर छान, मग सोडत का नाही? हे कधीपासून?" मी म्हटलं, "आजारपणानंतर अंग ताठरलंय." भावजयीने माझ्याकडे बघितलं, पण मॅडमना काही सांगितलं नाही.

मॅडमसमोर व्यायाम करताना हे होतंच, पण घरी जास्त. जिन्यात पाऊल वाजलं की घास तोंडात तसाच. पाऊल कुणाचंही असो. चोवीस बिऱ्हाडांची इमारत, लिफ्ट बंद पडून वर्षं झाली. दिवसभर कुणी ना कुणी चढत असतंच.

टॅक्सीवाल्याला कुणीतरी हे सांगितलं. बहुतेक भावजयीनेच. दांडगा माणूस, मिशा एवढाल्या, पण त्या दिवसापासून तो खालीच बूट काढतो आणि मोज्यांवर जिना चढतो. एकेक पायरी, भिंतीला धरून, चोरासारखा. मी एकदा दार उघडायला आणि तो समोर यायला एकच गाठ पडली. बूट हातात. लाजून म्हणाला, "ताई, पोरीला त्रास नको." मला हसूही आलं आणि रडूही.

पण करायला गेलो एक अन् झालं भलतंच. आता पाऊल वाजत नाही, तर ती आधीपेक्षा जास्त कान देते. आधी आवाज आला की श्वास अडायचा. आता आवाज नसला तरी अडतो.

भावजय म्हणते, "ताई, तिला सांगून टाका की सगळं खोटं होतं." मी म्हणते, चाचणीपर्यंत थांब. चाचणी तीस तारखेच्या आत आहे, पुढच्या महिन्यात. आता सांगितलं आणि तिने ओढायचंच सोडलं तर?

मी आयुष्यात तुझ्यापुढे कधी हात जोडले नाहीत. तू मला शाळेत पोचवायला लावायचास, माझ्या खाऊतला वाटा पळवायचास, आईचा मार माझ्यावर ढकलायचास, तरी नाही. आज जोडते. एक दिवस ये. चाचणीच्या दिवशी. तिला दिसेल असा दारात उभा राहा, मग लगेच परत जा. मी कुणाला काही विचारू देणार नाही. भावजयीशी बोलू नकोस, माझ्याशी बोलू नकोस. तू आलास तर माझं खोटं एका दिवसापुरतं खरं होईल.

नवा फ्रॉक बेतलाय चाचणीसाठी. दोन बाजूंत आता वीतभर फरक पडतो. शिवताना मी खोलीचं दार लावून घेते.

ताई


३१ ऑक्टोबर

भाऊ,

तू आला नाहीस.

झालं ते सांगते, कारण तुला ठाऊक असायला हवं. चाचणीची खोली लहान. एक खुर्ची, काट्याचं यंत्र आणि त्याला जोडलेली नळी, आमच्या पिपाणीसारखीच. मोठे डॉक्टर, मॅडम, आम्ही दोघी. तिला नवा फ्रॉक घातला होता. घेर सरळ दिसत होता.

मॅडम म्हणाल्या, "ओढ बाळा, जोरात." अंग ताठलं, काटा जागचा हलला आणि परत आला. पुन्हा. तसंच. डॉक्टर घड्याळ बघत नव्हते, पण बाहेर रांग होती. त्यांनी मॅडमकडे बघितलं, मॅडमनी माझ्याकडे. आणि मी म्हटलं. भावजय माझा हात दाबत होती, तरी म्हटलं.

"कारभारीण, बाबा आला बघ."

भाऊ, तो श्वास तू बघायला हवा होतास. काटा खुणेच्या पलीकडे गेला. डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. मॅडमच्या तोंडून "वा!" निघालं. आणि ती तो श्वास धरून दाराकडे बघत राहिली. तेवढ्यात दार उघडलंही. फायली घेऊन नर्स आली. फायली ठेवल्या, गेली. दार पुन्हा लागलं.

तिने श्वास सोडला. हळूहळू.

डॉक्टर म्हणाले, "छान! आता असंच आणखी दोनदा. एकदा आलेला आकडा आम्हाला धरता येत नाही, सारखाच तीनदा यावा लागतो."

मी पुन्हा तेच म्हणायला तोंड उघडलं. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. तुझी मुलगी डोळ्यांनी काय काय बोलू शकते ते तुला ठाऊक नाही, तू लवकर गेलास. तिने माझ्याकडे बघितलं आणि तोंड मिटून घेतलं. जे ओठ मिटत नाहीत म्हणून मी सहा महिने बोटांनी धरून बसत होते, ते तिने स्वतः मिटले. मॅडमनी समजावलं, भावजयीने गालावरून हात फिरवला. नळी ओठांना लावली की मान फिरवायची. अर्धा तास. मग डॉक्टर म्हणाले, "राहू द्या."

ऑपरेशन आता नाही. 'पुढे बघू' म्हणाले. पुढे म्हणजे काय ते मी विचारलं. कणा असाच वाकत राहिला तर पुढे विचारण्यासारखं काही उरणार नाही, असं त्यांनी नीट शब्दांत सांगितलं. माणूस वाईट नाही. यावेळी पेन सरळ केलं नाही, आमच्याकडे बघून सांगितलं.

घरी आल्यावर भावजयीने तिचा फ्रॉक काढला, उलटा केला आणि शिवणीवरून बोट फिरवलं. मी म्हटलं, "अगं, ते मापात जरा..." ती म्हणाली, "ताई, इस्त्री मीच करते ना. पहिल्या फ्रॉकपासून माहीत आहे मला." तिला वाटत होतं, ती मला सांगत नाहीये. मला वाटत होतं, मी तिला सांगत नाहीये. एका घरात राहून आम्ही दोघी असा लपंडाव खेळत होतो.

त्याच दिवशी भावजयीने मॅडमना सगळं सांगितलं. मॅडम माझ्यावर चिडतील असं वाटलं होतं. त्या नुसत्या खाली बसल्या. मग म्हणाल्या, ऑपरेशन नसलं तरी व्यायाम सोडू नका, खोकल्यापुरता तरी जोर राहू दे, या थंडीपुरता. पण ती श्वास असा अडवत राहिली तर व्यायामाचाही उपयोग नाही.

आता तुझ्याशी शेवटचं बोलते. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नव्हती, या सहा महिन्यांत लागली. तुझ्या मित्राने पत्ता दिला तेव्हाच सगळं सांगितलं होतं. तुझ्या दारात लहान मुलाची सायकल उभी असते, मागे दोन छोटी चाकं लावलेली. संध्याकाळी तू ती धरून त्याच्या मागे धावतोस. मे महिन्यातच कळलं होतं मला, तू येणार नाहीस. तरी मी रोज सकाळी तुझ्या नावाने तिचा श्वास ओढून काढत होते. मनाच्या कुठल्या कोपऱ्यात वाटत होतं, मी इतक्या वेळा म्हटलं तर खरंही होईल.

तुला शिव्या देऊन माझी जीभ थकली. आता शिवी नाही. तू ये असंही म्हणत नाही. उलट मागते. एक पत्र लिही. तिच्या नावाने, माझ्या नाही. 'मी येणार नाही,' एवढंच लिही. 'जमलं तर' नको, 'बघतो' नको, कारणं नकोत, मायेचे शब्द तर अजिबात नकोत. मीही सांगून बघितलं. दोनदा सांगितलं, "बाबा येणार नाही गं, आत्या खोटं बोलत होती." तिने ऐकून घेतलं. पण मी आजवर तिला जे जे सांगितलं ते खोटं निघालं, तर हेही का नसावं? भावजयीच्या सांगण्यावरही ती मान हलवते आणि पुन्हा कान दाराकडे. तुझंच अक्षर हवं. तुझ्या अक्षरावर तिचा विश्वास आहे. ऑगस्टचं पत्र तिच्या उशीखाली आहे.

नाहीतर भाऊ, जेवढे श्वास तिच्या वाट्याला उरलेत, त्यातले अर्धे ती तुझ्यासाठी अडवून ठेवणार आहे.

आत्ता संध्याकाळ आहे. भावजय बाजूच्या खोलीत जरा लवंडली आहे. कारभारीण माझ्यासमोर खुर्चीत बसलीय. पिपाणी टेबलावर आहे, आज कुणी तिला हात लावलेला नाही. जिन्यात कुणीतरी चढतंय. टॅक्सीवाला नाही, तो मोज्यांवर येतो. दुसरंच कुणीतरी, बूट वाजतायत. तिने श्वास घेतला. मी लिहायचं थांबवून तिच्याकडे बघतेय.

पावलं आपल्या मजल्यावरून पुढे गेली. वरचं दार उघडलं, लागलंसुद्धा.

तिने अजून सोडलेला नाही.

ताई